वाचक विचारतात: न्यूट्रिनो, रोमन शिसं आणि न दिसलेल्या गोष्टीचा हिशोब

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की सूर्यातून येणारे न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेले, अतिशय हलके सूक्ष्म कण) आपल्या अंगातून आरपार जातात हे खरं का. उत्तर देताना शेवटी मी एक वाक्य टाकलं होतं, की न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण (उलट गुणधर्मांचा जोडीदार कण) आहे की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही आणि ते शोधायला जगात काही लोक डोंगराखाली बसून, न्यूट्रिनो न सोडणारा "डबल बीटा डिके" हा अणू फुटण्याचा दुर्मिळ प्रकार दिसतो का ते बघतायत, ज्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) विश्वाच्या वयापेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यावरच करतोय. प्रश्न जागेसाठी थोडे कापलेत, नावं छापलेली नाहीत, फक्त इंदूरमधला मोहल्ला दिलाय.

रामबागेतून अकरावी सायन्सची विद्यार्थिनी: काका, इलेक्ट्रॉनचा प्रतिकण पॉझिट्रॉन असतो हे आम्हाला शिकवलंय. मग न्यूट्रिनोच्या बाबतीतच "माहीत नाही" असं का? इतकी वर्षं झाली ना त्याला शोधून?

बेटा, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. इलेक्ट्रॉन ऋण आणि पॉझिट्रॉन धन, त्यामुळे चुंबकाजवळून जाताना एक इकडे वळतो नि दुसरा तिकडे, गोंधळाला जागाच नाही. न्यूट्रिनोवर भारच नाही. आता तू म्हणशील की न्यूट्रॉनवरही भार नसतो तरी प्रतिन्यूट्रॉन वेगळा आहेच की. तर हो, पण न्यूट्रॉन आतून क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचा बनलेला आहे, त्या क्वार्कना भार आहे आणि ते सगळे उलटे केले की प्रतिन्यूट्रॉन होतो. न्यूट्रिनोच्या आत आपल्या माहितीप्रमाणे काहीच नाही, मग उलटं करायचं तरी काय? १९३७ साली एट्टोरे मायोराना या इटालियन तरुणाने हेच गणितात मांडून दाखवलं, की अशा बिनभाराच्या कणाला वेगळा प्रतिकण असायलाच हवा असं काही नाही, दोघं एकच असू शकतात. (पुढच्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, पालेर्मोहून नेपल्सला जाणाऱ्या बोटीच्या प्रवासात हा माणूस नाहीसा झाला, वय अवघं ३१. त्याच्या त्या लेखाचं महत्त्व जगाला खूप नंतर कळलं, याचं मला फार वाईट वाटतं.)

मग प्रयोग करून बघायचा ना, असं कोणीही म्हणेल. तर केला होता. १९५० च्या दशकात रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेत अणुभट्टीजवळ क्लोरीन असलेल्या द्रवाच्या टाक्या ठेवल्या. अणुभट्टीतून जे निघतात त्यांना आपण प्रतिन्यूट्रिनो म्हणतो आणि क्लोरीनचं आर्गॉन करतो तो न्यूट्रिनो, म्हणजे दोघं एकच असते तर टाकीत आर्गॉन सापडायला हवा होता. नाही सापडला. झालं, दोघं वेगळे, असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

पण १९५७-५८ मध्ये एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. ज्याला आपण न्यूट्रिनो म्हणतो त्याची स्वतःभोवतीची फिरकी नेहमी डावी असते आणि प्रतिन्यूट्रिनोची नेहमी उजवी. आता डेव्हिस यांच्या टाकीचा पुन्हा विचार कर. आर्गॉन मिळाला नाही याचं कारण "कणच वेगळा" हे असू शकतं, पण "कण तोच, फक्त फिरकी त्या कामाची नाही" हेही असू शकतं, आणि त्या प्रयोगातून यातलं कोणतं खरं ते ठरवता येत नाही. इथे गाडी कितीतरी वर्षं अडून राहिली, कारण न्यूट्रिनोला वस्तुमानच नसेल तर हा फरक तपासायचा कुठलाच मार्ग उरत नाही. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे डिटेक्टरने आणि नंतर २००१-०२ मध्ये कॅनडाच्या सडबरीच्या प्रयोगाने दाखवलं की न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, आणि वस्तुमान असल्याशिवाय तसं होत नाही (त्यासाठी २०१५ चं नोबेल काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना मिळालं). वस्तुमान आहे म्हणजे तो प्रकाशाच्या वेगाने जात नाही, म्हणजे तत्त्वतः कोणी त्याला मागे टाकून वळून बघू शकतो, आणि तसं बघितलं की डावी फिरकी उजवी दिसते. त्यामुळे प्रश्न पुन्हा जिवंत झाला आणि आता तो तपासताही येतो. कसा, ते पुढच्या उत्तरात.

साउथ तुकोगंजमधून बीएस्सीची विद्यार्थिनी: सर, न्यूट्रिनो तर डिटेक्टरमध्ये तसाही दिसत नाही. मग "न्यूट्रिनो निघालाच नाही" हे कसं ओळखणार? आणि डबल बीटा डिके म्हणजे नेमकं काय, दोन एकदम का?

आधी दोन एकदम का ते बघू. जर्मेनियम-७६ घ्या. साध्या बीटा डिकेमध्ये एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो. जर्मेनियमचं तसं झालं तर आर्सेनिक-७६ होईल, पण आर्सेनिक-७६ हे जर्मेनियम-७६ पेक्षा जड आहे, त्यामुळे ऊर्जा कमी पडते आणि ते होऊच शकत नाही. त्याच्या पुढचं सेलेनियम-७६ मात्र हलकं आहे. म्हणजे दोन न्यूट्रॉन एकाच वेळी बदलले तरच मार्ग मोकळा. हे होऊ शकतं हे १९३५ साली मारिया गोपर्ट-मायर यांनी मांडलं, आणि ते किती दुर्मिळ असेल याचा अंदाज काढला तेव्हा अर्धायुष्य निदान एकावर १७ शून्यं इतकी वर्षं येत होतं. प्रयोगशाळेत थेट दिसायला १९८७ साल उजाडलं, कॅलिफोर्नियात मायकल मो यांच्या गटाने सेलेनियम-८२ मध्ये तो पकडला. म्हणजे कल्पना मांडल्यापासून बावन्न वर्षं!

हा झाला साधा डबल बीटा, दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर. आता न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल तर आणखी एक शक्यता उघडते. एका न्यूट्रॉनने सोडलेला प्रतिन्यूट्रिनो त्याच अणुकेंद्रातल्या दुसऱ्या न्यूट्रॉनने न्यूट्रिनो म्हणून गिळायचा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे दोघं एकच कण असायला हवेत आणि दुसरं म्हणजे मधल्या मध्ये फिरकी उलटी व्हायला हवी, जी वस्तुमानामुळे थोडीशी होऊ शकते. न्यूट्रिनोचं वस्तुमान इतकं कमी आहे की ही "थोडीशी" खरोखरच फार थोडीशी आहे, म्हणून हा डिके इतका दुर्मिळ. पण झाला तर बाहेर फक्त दोन इलेक्ट्रॉन येतील, न्यूट्रिनो एकही नाही.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, जो मला फार आवडला. न्यूट्रिनो बघायचाच नाहीये, इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची आहे. जर्मेनियम-७६ च्या डिकेत एकूण २०३९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा सुटते. साध्या प्रकारात ती चौघांत वाटली जाते, न्यूट्रिनोंचा वाटा गायब होतो आणि दोन इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची बेरीज दर वेळी वेगळी, कधी ७००, कधी ११००, त्यामुळे ग्राफवर एक रुंद उंचवटा दिसतो जो २०३९ पर्यंत जाता जाता जवळपास शून्य होतो. न्यूट्रिनो नसलेल्या प्रकारात सगळी ऊर्जा त्या दोन इलेक्ट्रॉनकडेच, म्हणून बेरीज दर वेळी बरोब्बर २०३९. म्हणजे उंचवटा संपतो तिथे, त्या रिकाम्या जागेवर, एक बारीक उभी रेघ उगवायला हवी. वर्षानुवर्षं लोक त्या रेघेच्या जागेकडे बघत बसलेत. १९८२ मध्ये शेख्टर आणि व्हाये यांनी हेही सिद्ध केलं की ती रेघ दिसली तर आतली प्रक्रिया कुठलीही असो, न्यूट्रिनो मायोरानाने सांगितलेल्या प्रकारचाच ठरतो.

सुदामा नगरहून निवृत्त बँक अधिकारी: आपण लिहिता की या डिकेचं अर्धायुष्य विश्वाच्या वयापेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त आहे. एक तर तो अजून कोणी बघितलेला नाही, आणि आकडा मात्र छापता. ज्या गोष्टीची एकही नोंद नाही तिचं अर्धायुष्य कसं काढलं? हे माझ्या हिशोबात बसत नाही, कृपया खुलासा करावा.

साहेब, खुलासा मनापासून करतो, कारण या सगळ्या विषयात मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

पंचवीस-तीस लाखांच्या शहरात लोक सरासरी किती वर्षं जगतात हे काढायला आपण सत्तर वर्षं थांबत नाही. एका वर्षात महापालिकेत कोणत्या वयाच्या किती मृत्यूंची नोंद झाली ते बघतो आणि अंदाज काढतो. लोकसंख्या मोठी असली की वेळ थोडा चालतो. अणूंचंही तसंच, फरक एवढाच की अणू म्हातारा होत नाही, काल तयार झालेला आणि अब्जावधी वर्षांपूर्वीचा, दोघांनाही आज डिके व्हायची शक्यता सारखीच, त्यामुळे अणूंचा हिशोब माणसांपेक्षा उलट सोपा.

आता आकडे घेऊ. झेनॉन-१३६ हाही जर्मेनियमसारखाच डबल बीटा डिके होणारा, त्याचे १३६ ग्रॅम म्हणजे ६ वर २३ शून्यं इतके अणू. एक टन घेतला तर साधारण ४.४ गुणिले १० चा २७ वा घात. समजा अर्धायुष्य एकावर २७ शून्यं इतकी वर्षं आहे. अणूंच्या संख्येला ०.६९३ ने गुणा, अर्धायुष्याने भागा, उत्तर येतं वर्षाला ३. म्हणजे एक टन झेनॉनमध्ये वर्षभरात तीन अणू असे फुटायला हवेत. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे एकावर फक्त दहा शून्यं, तरीही आपण एका वर्षात तीन घटना बघू शकतो कारण अणूच इतके आहेत.

आता एकही दिसली नाही तर? तर उलट्या बाजूने हिशोब करायचा. अर्धायुष्य एकावर २५ शून्यं असतं तर त्याच टनात वर्षाला ३०० दिसायला हव्या होत्या, एकही नाही, म्हणजे ते नक्की नाही. २६ शून्यं असती तर ३०, एकही नाही, तेही बाद. २७ शून्यं असतील तर ३ अपेक्षित, आणि तीन अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने शून्य दिसण्याची शक्यता साधारण ५ टक्के. सरासरी २.३ अपेक्षित असताना शून्य दिसण्याची शक्यता १० टक्के, म्हणून जिथे अपेक्षा २.३ वर येते तिथे रेघ मारून लिहितात की "अर्धायुष्य याहून जास्त आहे, ९० टक्के खात्रीने". म्हणजे छापलेला आकडा हा अर्धायुष्य नाही, अर्धायुष्याची खालची मर्यादा आहे, मागच्या वेळी मी हे पुरेसं खोलून लिहिलं नव्हतं म्हणून आज लिहितो. जपानच्या कामिओका खाणीतला कॅमलँड-झेन हा प्रयोग, साधारण ७४५ किलो झेनॉन घेऊन बसलेला, त्यांची मर्यादा आज ३.८ गुणिले १० चा २६ वा घात इतक्या वर्षांवर आहे. इटलीच्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या गेर्डा प्रयोगाची जर्मेनियमसाठीची मर्यादा १.८ गुणिले १० चा २६ वा घात.

(तुलनेला म्हणून, त्याच झेनॉनचा साधा, न्यूट्रिनोवाला डबल बीटा डिके एक टनात वर्षाला जवळपास १४ लाख वेळा होतो. त्या चौदा लाखांच्या शेजारी बसून ते तीन शोधायचे आहेत.)

आणखी एक गोष्ट, जी बँकेत काम केलेल्या माणसाला लगेच पटेल. दुसऱ्या कुठल्याही कारणाने आलेल्या खोट्या नोंदी शून्य असतील तर दुप्पट काळ मोजणी केली की मर्यादा दुप्पट होते. पण खोट्या नोंदी येत राहिल्या तर मर्यादा दुप्पट करायला चौपट काळ लागतो, दहापट करायची तर शंभरपट. म्हणजे डिटेक्टर मोठा करण्याइतकंच, खरं तर त्याहून जास्त, महत्त्वाचं काम म्हणजे तो स्वच्छ ठेवणं, आणि या लोकांचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

लोकमान्य नगरातून एक वाचक भगिनी: दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं काढून शास्त्रज्ञांनी वितळवलं असं वाचलं. हे खरं आहे का? इतिहासाच्या वस्तूचं असं करावं का?

खरं आहे ताई. सार्डिनिया बेटाजवळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बुडालेलं जहाज, त्यात शिशाच्या विटा. समुद्रातून त्या वर काढायच्या कामाला इटलीच्या अणुभौतिकी संस्थेनेच पैशाची मदत केली होती आणि २०१० मध्ये त्यातल्या १२० विटा, एकेक साधारण ३३ किलोची, कालियारीच्या पुरातत्त्व संग्रहालयातून ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेत आणल्या. तिथे हाच डिके शोधणारा क्युओरे नावाचा प्रयोग आहे, टेल्युरियम ऑक्साइडचे ९८८ स्फटिक, एकूण वजन ७४२ किलो, आणि ते सगळं निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवलेलं. एक डिके झाला की स्फटिक किंचित गरम होतो आणि ती ऊब मोजतात.

शिसं कशाला तर बाहेरचा किरणोत्सर्ग अडवायला. पण शिसं स्वतःच किरणोत्सारी असतं ना! खनिजातून शिसं काढताना युरेनियम वेगळं होतं, पण युरेनियमपासून तयार झालेलं शिसं-२१० मात्र शिशातच राहतं, रसायनाने ते वेगळं करता येत नाही कारण तेही शिसंच. त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षं. आज गाळलेल्या शिशात ते भरपूर, पण दोन हजार वर्षांत नव्वद वेळा अर्धं अर्धं होत ते संपून गेलेलं असतं. इतकं शांत शिसं आज नव्याने करायचं तर कित्येक शतकं थांबावं लागेल.

इतिहासाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. प्रत्येक विटेवर ती घडवणाऱ्यांची नावं कोरलेली होती, तो भाग कापून आधी वेगळा काढला आणि जपण्यासाठी परत संग्रहालयाकडे पाठवला, उरलेलं शिसं वितळवलं. काही पुरातत्त्ववाल्यांचा तरीही आक्षेप होता आणि मला तो समजतो. पण माझं मत विचाराल तर नावं राखली, धातू कामाला लावला, आणि समुद्रातून वर येण्याचा खर्चही त्याच कामाने दिला, हा सौदा मला योग्य वाटतो.

स्वच्छतेची दुसरी एक हकीकत यापेक्षाही अंगावर येणारी आहे. कॅमलँड-झेनचा झेनॉन एका द्रवात विरघळवून नायलॉनच्या पारदर्शक फुग्यात भरलेला असायचा, फुग्याची जाडी २५ मायक्रॉन. पहिला फुगा सेंदाईत बनवला आणि २०११ मध्ये बसवला. मोजणी सुरू झाली तर नेमकी हव्या त्या ऊर्जेच्या जवळ एक टेकडी दिसायला लागली. महिनोन् महिने तपासून निघालं की तो चांदीचा एक किरणोत्सारी प्रकार आहे, चांदी-११०. फुग्याच्या नायलॉनवर सीझियमही होतं, ज्याचं प्रमाण फुकुशिमाच्या अपघातातून उडालेल्या धुळीशी जुळत होतं. मार्च २०११ चा अपघात आणि सेंदाई तिथून शंभरेक किलोमीटर. चांदीही तिथूनच आली असण्याची दाट शक्यता होती. मग सगळा झेनॉन बाहेर काढला, द्रव गाळून गाळून शुद्ध केला, पुढे फुगाही नवा. त्यासाठी किती जणांची किती वर्षं गेली असतील याचा विचार केला की मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आपल्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियममुळे दर सेकंदाला साधारण चार हजार अणू फुटत असतात. वर्षाला तीन शोधणाऱ्या यंत्राजवळ बोटाचा घामाचा ठसासुद्धा का चालत नाही ते यावरून कळेल.

विजयनगरहून: न्यूट्रिनोमुळे कॅन्सर होऊ शकतो का? व्हॉट्सअपवर आलंय.

नाही. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून जास्त जातात आणि जवळपास सगळे काहीही न करता निघून जातात. मेसेज पुढे पाठवू नका.

खातीवाला टँकवरून एक निवृत्त प्राध्यापक: २००१ च्या सुमारास हा डिके सापडल्याची बातमी मी वाचली होती. तिचं पुढे काय झालं?

आपली आठवण बरोबर आहे. ग्रान सास्सोमध्येच हायडेलबर्ग-मॉस्को नावाचा जर्मेनियमचा प्रयोग चालायचा, त्या गटातल्या काही जणांनी, क्लापडोर-क्लाइनग्रोटहाउस यांच्या नेतृत्वाखाली, २००१ मध्ये जाहीर केलं की २०३९ वर रेघ दिसतेय. गटातलेच बाकीचे सहमत नव्हते. २००४ मध्ये त्यांनी आणखी माहितीसह अर्धायुष्य १.२ गुणिले १० चा २५ वा घात वर्षं असं दिलं. वाद खूप झाला, कारण आजूबाजूला इतर किरणोत्सारी रेघाही होत्या आणि ही रेघ त्यांच्यातून वेगळी काढणं विश्लेषणाच्या पद्धतीवर अवलंबून होतं.

गेर्डा प्रयोगाने तोच जर्मेनियम घेऊन, पण यंत्र द्रवरूप आर्गॉनमध्ये बुडवून, पुन्हा बघायचं ठरवलं. आणि त्यांनी जे केलं ते प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावं असं आहे. २०३९ च्या आसपासच्या ऊर्जेच्या सगळ्या नोंदी त्यांनी स्वतःपासूनच झाकून ठेवल्या. कुठली नोंद धरायची, कुठली टाकायची याचे नियम आधी पक्के केले आणि मगच ती खिडकी उघडली, म्हणजे मनात जे हवं त्याच्याकडे हात आपोआप वळायला नको. २०१३ मध्ये उघडली, रेघ नव्हती, मर्यादा २.१ गुणिले १० चा २५ वा घात, जुना दावा त्याच्याशी जुळत नव्हता. पुढे मर्यादा जवळपास नऊपट वाढली, रेघ नाही ती नाहीच. आता त्याच जागी लेजंड-२०० चालू आहे, दोनशे किलो जर्मेनियमसाठी आखलेला, आणि त्यापुढे एक टनाचा बेत आहे ज्यात एकावर २८ शून्यं इतक्या वर्षांपर्यंत पोचायचंय.

महू नाक्यावरून आठवीतला मुलगा: सर आपल्या इंदूरला आरआरकॅट आहे तिथे हा प्रयोग होईल का? भारतात का नाही करत?

आरआरकॅटमध्ये (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) लेसर आणि अॅक्सिलरेटरचं काम होतं, इंडस-२ नावाचं मोठं सिंक्रोट्रॉन (वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनपासून प्रकाश मिळवायचं यंत्र) तिथे आहे, देशभरचे संशोधक ते वापरायला येतात. पण तुझ्या या प्रयोगाला डोक्यावर किलोमीटरभर तरी खडक हवा, आकाशातून सतत येणारे म्युऑन नावाचे कण अडवायला. ग्रान सास्सोच्या प्रयोगशाळेवर १४०० मीटर डोंगर आहे, त्याने म्युऑन साधारण दहा लाख पटींनी कमी होतात. आपल्या माळव्यात तेवढा उंच डोंगर नाही, जानापाव धरला तरी पुरणार नाही, आणि खोल खाणही नाही.

पण भारतात नाही असं मात्र म्हणू नकोस. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोल, वातावरणातल्या न्यूट्रिनोंची खूण पकडली होती, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम यांनी मिळून, आणि जगात असं पहिल्यांदा करणाऱ्यांत आपण होतो. ती खाण २००१ मध्ये बंद झाली. आणि तुझा डबल बीटावाला प्रयोगही आपल्याकडे आखलेला आहे, त्याचं नाव टिन-टिन. पितळेच्या भांड्यांना कल्हई करायला जे कथील वापरतात त्यातला ५.८ टक्के भाग कथील-१२४ असतो आणि त्याचा डबल बीटा डिके होऊ शकतो. ३.७ केल्विनच्या खाली कथील अतिवाहक होतं (म्हणजे त्यातून वीज बिनअडथळा वाहते), क्युओरेसारखंच त्याची ऊब मोजायची असा विचार आहे. मुंबईत त्या थंडीच्या यंत्रावर आणि कथलाच्या शुद्धतेवर बरंच काम झालंय. मात्र मोठा प्रयोग ठेवायला भूमिगत जागा हवी, आणि तामिळनाडूत थेनीजवळच्या डोंगरात जी प्रयोगशाळा होणार होती तिला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळूनही ती विरोध आणि परवानग्यांमध्ये अडकून राहिली. तिथल्या लोकांना जंगलाची, पाण्याची काळजी वाटली, ती खोटी म्हणता येत नाही, त्यांच्याशी आधीपासून आणि त्यांच्या भाषेत नीट बोलायला हवं होतं असं मला वाटतं. पण कोलारची परंपरा असलेल्या देशाला आज डोंगराखाली मोठी न्यूट्रिनो प्रयोगशाळा नाही याची खंत मला आहे आणि ती झाली पाहिजे हे मी लिहीत राहणार.

स्नेहनगरमधून: समजा सापडलं, तर आपल्याला काय मिळणार? आणि कधीच नाही सापडलं तर?

विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारखेच तयार झाले असतील तर दोघांनी एकमेकांना संपवून फक्त प्रकाश उरायला हवा होता. पण आपण आहोत, पदार्थ थोडासा जास्त उरला. का, याचं उत्तर नाहीये. या डिकेत आधी इलेक्ट्रॉन नव्हते आणि नंतर दोन आहेत, जोडीला प्रतिन्यूट्रिनो एकही नाही, म्हणजे प्रतिपदार्थाशिवाय पदार्थ वाढला. अशी घटना निसर्गात होते हे एकदा दिसलं की १९८६ मध्ये फुकुगिता आणि यानागिदा यांनी सुचवलेला मार्ग, की जड न्यूट्रिनोंच्या डिकेमुळे हा समतोल ढळला, खूपच विश्वासार्ह होतो. शिवाय न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा अंदाज मिळतो, तोही अजून नाही. जर्मनीच्या कात्रिन प्रयोगाने फक्त एवढंच सांगितलंय की ते ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी आहे (कणांचं वस्तुमान ऊर्जेच्याच मापात सांगतात), म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. मोबाईल यातून निघणार नाही, आणि तसं आश्वासन मी देणारही नाही.

नाही सापडलं तर ते कुठपर्यंत नाही यावर आहे. न्यूट्रिनोंचे तीन प्रकार, त्यांच्या वस्तुमानांचा क्रम दोन तऱ्हांचा असू शकतो. एका तऱ्हेत या डिकेला ठरावीक किमान दर आहे, म्हणजे एक टनाच्या यंत्रांनी बघितलं आणि नाही दिसलं तर निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्या तऱ्हेत तिघांचे वाटे एकमेकांना जवळपास पूर्ण खोडू शकतात आणि न्यूट्रिनो मायोराना असूनही डिके आपल्या हाती लागणार नाही असं होऊ शकतं. क्रम कोणता हे ठरवायला चीनमधला जूनो डिटेक्टर २०२५ मध्ये सुरू झालाय, वीस हजार टन द्रवाचा, त्यामुळे येत्या काही वर्षांत निदान त्या बाजूची बातमी येईल.

पुन्हा महू नाक्यावरून, त्याच मुलाची बहीण, दहावी: घरी यातलं काही बघता येतं का?

डबल बीटा नाही, पण ज्यांना टाळायला हे लोक डोंगराखाली जातात ते म्युऑन नक्की बघता येतात, तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभराच्या आसपास जातात. काचेचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घे, तळाला आतून फेल्टची पट्टी चिकटव आणि ती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजव. काळ्या रंगाच्या धातूच्या थाळीवर डबा उलटा ठेव, कडा टेपने बंद कर आणि थाळीच्या खाली ड्राय आइस. खोलीत अंधार कर, टॉर्च आडवा धरून थाळीलगत प्रकाश टाक, दहा-पंधरा मिनिटं थांब. थाळीच्या वर धुक्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यात पांढऱ्या रेघा उमटायला लागतात. लांब सरळ बारीक म्हणजे बहुतेक म्युऑन, वेड्यावाकड्या म्हणजे इलेक्ट्रॉन, आखूड आणि जाड म्हणजे अल्फा कण, बहुधा हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे. ड्राय आइसला उघडा हात लावायचा नाही, जाड हातमोजे घालायचे, खोलीची खिडकी उघडी ठेवायची कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, अल्कोहोलजवळ गॅस किंवा उदबत्ती अजिबात नको आणि घरातलं एक मोठं माणूस सोबत हवंच. ड्राय आइस लग्नाच्या स्टेजवर धूर करणाऱ्या इव्हेंटवाल्यांकडे विचारून बघ, दोन-तीन किलो पुरतो, पण ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी आण, दुसऱ्या दिवसापर्यंत तो उडून जातो.